पाठमोरं गाव

सीमेलगतच्या वाळवंटातल्या आमच्या आकलियारमध्ये सोढ्यांच्या सुनेचा आवाज कुंपणाबाहेर गेला, की लोक विचारतात, घरात कुणी पुरुष नाही का? माझ्या घरात नऊ वर्षं झाली, नाहीच. पण नवरा गेला म्हणून नियम जात नाही. घुंघट छातीपर्यंत आणि आवाज कुंपणापर्यंत. माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ ठाकूर भूरसिंह, शेजारच्याच अंगणात राहतात. चाळीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोललेले नाही. काही सांगायचंच असलं तर मी शेळीला सांगते. "अगं ए भुरी, विहिरीचा दोर कुजलाय. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंय का इथं सगळ्यांनी?" पलीकडून खाकरल्याचा आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी नवा दोर लागतो. शेळीचं नाव भुरी कसं पडलं, ते मात्र मला विचारू नका.

या नियमाला एकच सूट आहे, मोरांना हाक मारायची. दळायला काढलेल्या बाजरीतली पहिली मूठ मोरांची, मग जात्याची. सासूबाईंनी तसं केलं, त्यांच्या सासूबाईंनी केलं. उजाडता उजाडता अंगणात उभं राहायचं, मूठ उघडायची आणि छाती भरून हाक द्यायची, "आऽव! आव, आव, आऽव!" आव म्हणजे ये. दुसरा काही मंत्र नाही. वाळूच्या टेकडीवर कंडीची, म्हणजे शमीची, झाडं आहेत, त्यांवर रात्र काढलेले मोर मग एकेक करून उतरतात, पिसारे वाळूवरून ओढत येतात आणि घरच्या जावयासारखी मान ताठ ठेवून खातात. उपकार आमच्यावरच.

त्याच हाकेनं मी माझ्या लेकीला बोलवायची. दाखू, एकुलती एक. शेळ्या घेऊन ती टेकडीमागे जायची. भाकरी झाली की तिला बोलावणार कसं? लेकीचं नाव चारचौघांत ओरडणं शोभत नाही, पण मोरांची हाक चालते. म्हणून भर दुपारी मी कुंपणापाशी उभी राहून "आऽव, आव" करायची. दुपारी मोर कुठले येतात? गावाला वाटायचं, ठकुराणीला ऊन लागलंय. दाखूला बरोबर कळायचं. टेकडीमागून उत्तर यायचं, "आले, मां, आऽले!" आणि ती यायची नाही. दुसरी हाक. पुन्हा "आऽले!" तिसऱ्या हाकेला केसांत वाळू घेऊन ही अवतरणार.

"मोरांना तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे. एका हाकेत येतात," मी म्हणायची.

"त्यांना बाजरी मिळते, मां. मला शिव्या."

उत्तर तिच्या जिभेवर कायम तयार.

आम्ही सोढे सगळे एकाच कुळाचे, म्हणजे इथला प्रत्येक मुलगा आमच्या मुलींचा भाऊ. लेकी द्यायच्या तर सीमेपलीकडे, राठोडांच्या घरात. हे माझ्या आजीच्या आजीपासून चालत आलंय, तेव्हा ती सीमा नव्हती, नुसतीच वाळू होती. दाखूचं स्थळ जेठजींनी आणलं. जोधपूरचा मुलगा, दगडाच्या कारखान्यात हिशेबनीस, निर्व्यसनी. मला विचारलं का? शेळीला विचारलं असतं तरी चाललं असतं, तिनं मला सांगितलं असतं. दाखू सीमेपार जाणाऱ्या आगगाडीत बसून गेली आणि चार महिन्यांत ती गाडीच बंद झाली. मग कागद. इकडचे कागद, तिकडचे कागद, एक पुरा झाला की दुसऱ्याची मुदत संपलेली. सहा वर्षं माझी लेक आणि मी एकाच सूर्याखाली आहोत आणि आमची घड्याळंसुद्धा एक वेळ दाखवत नाहीत. तिचं अर्धा तास पुढं.

पण फोन आहे. रोज सकाळी मी दाणा टाकायला उभी राहिले की तिचा फोन वाजतो. मी तो ओढणीच्या गाठीत तसाच चालू ठेवते आणि हाक मारते. मोर उतरतात, एकमेकांवर गुरगुरतात, एखादा मान वर करून केकाटतो. ती तिकडं तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ऐकत बसते.

"तिथं मोर नाहीत का गं?" मी एकदा विचारलं.

"आहेत की. पण इथले मोर शिकलेले वाटतात, मां. बेतानं ओरडतात."

रोज शेवटी तिचा एकच प्रश्न. "सावो आला का?"

सावो तिचा मोर. ती चौदा वर्षांची असताना कोल्ह्यानं लांडोर नेली आणि अंडी उघडी पडली. मोराच्या अंड्याला हात लावायचा नाही, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. हिनं एक उचललं आणि आचर समेजोच्या कोंबडीखाली ठेवलं. आचर आमचा शेजारी, त्याच्याकडे खंडीभर कोंबड्या. कोंबडीनं ते इमानानं उबवलं. बाहेर आला तो मोर आपल्याला कोंबडी समजत मोठा झाला. पिसारा चार हात लांब, पण दुपारी झोपायला खुराड्यातच घुसायचा आणि दारात अडकायचा. एक नख वाकडं, आणि केकाटताना शेवटी आवाज फाटायचा, म्हाताऱ्याला ठसका लागल्यासारखा. तो ठसका फोनवर ऐकला की दाखू हसायची. माझा दिवस त्या हसण्यावर निघायचा. मनात मी एवढंच मागून ठेवलं होतं, की कागद होऊन ती येईल त्या सकाळी सावो अंगणात असावा. बाकी देवाला त्रास दिला नाही.

यंदा वैशाख सरता सरता पहिला मोर मेला. मग आचरच्या सहा कोंबड्या. मग एका दिवसात तीन लांडोरी, मान पिळवटलेली, पाय ताठ. गावच्या शाळेचे खेतो मास्तर मेघवाड वस्तीतले. ते जनावरांच्या डॉक्टरला विचारून आले. राणीखेत. मान मोडणारा रोग. त्या संध्याकाळी जेठजींच्या बैठकीत सगळे पुरुष जमले आणि आम्ही बायका भिंतीआड.

"कोंबड्या आचरच्या, रोग कोंबड्यांचा," जेठजी म्हणाले. "मग बोलायचं काय उरलं?"

"ठाकूर, तुमच्याकडे पाहुणा आला की याच कोंबड्या गोड लागतात," आचर म्हणाला. "तेव्हा त्या कुणाच्या असतात?"

बैठकीत हशा झाला. जेठजी खाकरले.

"कोंबड्या तर आहेतच," मास्तर म्हणाले. "पण रागावू नका, दुसरीही गोष्ट आहे. माजीसांच्या अंगणात रोज साठ-सत्तर मोर एकाच जागी चोच घालतात. एक आजारी असला की सगळ्यांना लागण. आपल्या पुण्याईनंच रोग पसरतोय."

माजीसा म्हणजे मी. भिंतीआड सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला मास्तरांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटलं, पण भिंतीला दार नव्हतं.

ठरलं ते असं. आचरनं आणि बाकीच्यांनी कोंबड्या महिनाभर कोंडून ठेवायच्या. पाण्यासाठी मातीच्या उथळ कुंड्या गावाबाहेर लांब लांब ठेवायच्या आणि मुलींनी त्या रोज चुन्यानं धुवायच्या. मेलेल्या मोराला ओढणीत गुंडाळून, हातांवर घेऊन गावातून न्यायची आमची जुनी रीत बंद, सरळ खड्डा आणि चुना. आणि दाणा बंद. हाक बंद. मोर पांगले पाहिजेत.

"ऐकलंस का भुरी," मी अंगणात आल्यावर मोठ्यानं म्हणाले, "ज्येष्ठाच्या उन्हात दाणा बंद! रोगानं मरायचे ते भुकेनं मरतील. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय लोकांचं!"

पलीकडून आधी खाकरणं आलं. मग जेठजींचा आवाज, भिंतीला उद्देशून. "महिनाभराचाच प्रश्न आहे."

त्याच वैशाखात दाखूला आठवा लागला होता. सहा वर्षांनी पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात तिला आणायला जायचं, तिच्या आवडीचं केर-सांगरीचं लोणचं बरणीत घालून जायचं, हे सगळं मी लग्न झाल्या दिवसापासून मनात करून ठेवलेलं. बरणी भरली. बरणी फळीवर आहे.

दाणा बंद झाल्यावर पहिल्या सकाळी तिनं विचारलं, "मां, आज मोर बोलले नाहीत?"

"बोलतील. ऊन फार आहे."

दुसऱ्या सकाळी तिनं विचारलंच नाही. तिसऱ्या सकाळी तिचा आवाज बारीक झाला होता. "मां, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोटात पाय मारतंय. सासूबाई चांगल्या आहेत, पण तुझ्यासारखं कुणी नाही गं. एकदा ऐकव ना. एकदाच."

आता सांगा, कुठल्या आईनं काय केलं असतं? मी तर तेच केलं. मडक्यातून मूठभर बाजरी घेतली, कुंपणाच्या कोपऱ्यात गेले आणि दबक्या आवाजात हाक दिली, जेठजींना ऐकू जाऊ नये अशी. गावाभोवती पांगलेल्या मोरांतले अकराच आले, ज्यांची सवय जुनी होती. सगळ्यांत पुढं सावो. त्यानं खाल्लं, मान वर केली आणि ठसक्यासकट केकाटला. फोनमध्ये दाखू हसली. हसता हसता रडली. मला वाटलं, माझ्या मुठीत औषध आहे.

मग चार सकाळी मी तेच केलं. एक मूठ, एकच जागा, तेच अकरा.

पाचव्या सकाळी सावो उशिरा आला. दारातून अंगणात शिरला आणि गोल फिरायला लागला, एकाच जागी, मान आकाशाकडे वळलेली, चोच उघडी. दाण्यापाशी यायचा त्याचा प्रयत्न चालला होता. चोच दर वेळी वीतभर आधीच वाळूत जायची. मी त्याला मांडीवर घेतलं. एवढा पिसारा, आणि वजन बाजरीच्या सुपाएवढं. दुपारच्या आत तो गेला. हाताच्या सवयीनं मी त्याला ओढणीत गुंडाळलं, मग आठवलं, आणि ओढणी सोडली. कुंपणावरून आचर बघत होता. त्यानं माझ्या पायाशी पडलेली बाजरी पाहिली. तो वळला. फावडं घेऊन आला, खड्डा खणला, चुना टाकला.

पुढच्या सहा दिवसांत आणखी सात मेले. त्या अकरांतलेच. जे टेकड्यांवर पांगले होते त्यांतला त्या आठवड्यात एकही नाही. मला मोजायला येतं.

दाखूला सांगितलं, मोर रानात गेलेत. रोज तेच सांगितलं. दोन आठवडे ती "बरं" म्हणाली. मी हाक मारणं सोडलं, बोलणंही जवळपास सोडलं. भुरीलाही काही सांगितलं नाही. पलीकडच्या अंगणातून जेठजी उगाच दोनदा खाकरले, काही काम आहे का म्हणून. मी दार लोटून घेतलं.

ज्येष्ठ सरता सरता मास्तर शहरातून लस घेऊन आले, थर्मासात, बर्फावर. कोंबड्यांचं सोपं होतं, आचर एकेकीला पायाला धरून उलटी करायचा, मास्तर डोळ्यात थेंब टाकायचे. मोरांचं काय? डॉक्टरांनी सांगितलं होतं, आदल्या संध्याकाळपासून पाणी उचला, सकाळी दुधाची भुकटी घातलेल्या पाण्यात लस मिसळा आणि दोन तासांत पाजा. दोन तासांनी ते पाणी म्हणजे नुसतं पाणी. तळ्याच्या कोरड्या पात्रात चाळीस कुंड्या दहा-दहा पावलांवर मांडल्या. आता मोर यायला हवेत.

मोरांनी यायचं तर हाक हवी. जेठजींनी मारली, ती कुळाला दम दिल्यासारखी. आचरनं मारली, तर त्याच्याच कोंडलेल्या कोंबड्या खुराड्यात कलकलल्या. मास्तरांनी तर हजेरी घेतल्यासारखी मारली. टेकडीवरून मोर बघत राहिले. ऊन चढलं, दोन तास गेले, चाळीस कुंड्यांतली लस वाळूत ओतली. मास्तर डोक्याला हात लावून बसले. अजून एक थर्मास उरला होता, तो शेवटचा. आणि त्याच दुपारी टेकडीमागे दोन लांडोरी गोल फिरताना दिसल्या. म्हणजे रोग पांगलेल्यांपर्यंतही पोचला होता.

संध्याकाळी आचर आणि मास्तर माझ्या अंगणाबाहेर येऊन उभे राहिले.

"अदी," आचर म्हणाला. अदी म्हणजे थोरली बहीण, तो मला तेच म्हणतो. "उद्या तळ्यावर येऊन तू हाक मार. ते तुझंच ऐकतात."

"इथूनच मारते म्हटलं तर?" मी घुंघटातून म्हणाले.

"इथं रोगाची जागा आहे, माजीसा," मास्तर म्हणाले. "अंगणात नकोच ते."

मग मी सांगून टाकलं. "माझ्या हाकेनं आठ मेले. मी आता हाक मारत नाही. दुसरी कुणी बघा."

मास्तरांना काही कळलं नाही. आचरला कळलं. तो कुंपणाजवळ सरकला. "अदी, रोग माझ्या खुराड्यातून आला. सगळं पाप एकटी घेऊन जाऊ नकोस. थोडं मलाही ठेव."

मी आत निघून गेले. शिवाय, तळ्यावर सगळं गाव असणार. उघड्यावर, पुरुषांसमोर, सोढ्यांची विधवा सून गळा फाडून ओरडणार? सासूबाई स्वर्गातून उतरून आल्या असत्या.

थोड्या वेळानं अंगणात भुरी ओरडली. बघते तर कुंपणापलीकडे जेठजी उभे, माझ्याकडे पाठ करून, आणि शेळीशी बोलतायत. आयुष्यात पहिल्यांदा.

"भुरी, तुझ्या मालकिणीला सांग. उद्या गावातला एकही पुरुष वळून बघणार नाही. सगळे पाठ करून बसतील. मीसुद्धा." मग थांबून म्हणाले, "आणि सांग, मोर गेले तर या गावात राहतंय काय?"

सकाळी मी गेले. आचरची बायको भागभरी माझ्याबरोबर होती, हात धरून, मी पळून जाईन म्हणून असेल. तळ्याच्या काठानं गावचे सगळे पुरुष एका रांगेत वाळूवर बसले होते, तोंडं गावाकडे आणि पाठी आमच्याकडे. पागोटी, टोप्या, उघडी टाळकी. चाळीस वर्षं ज्यांच्यापुढं मान वर केली नाही, त्यांच्या नुसत्या पाठी. मला हसूच आलं.

मास्तरांनी लस मिसळली, कुंड्या भरल्या, भोवती चिमूटभर बाजरी टाकली आणि जाऊन रांगेत बसले. "दोन तास, माजीसा," ते मान न वळवता म्हणाले.

मी तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. सावोची चोच वाळूत जाताना दिसत होती, तेवढंच. भागभरीनं पाठीवरून हात फिरवला. टेकडीवर मोर कंडीच्या फांद्यांवर बसले होते, हलायला तयार नव्हते. काही उपयोग नाही, असं मी तिला खुणेनं सांगितलं.

तेवढ्यात ओढणीच्या गाठीत फोन वाजला.

"मां? वारा लागतोय फोनला. कुठं आहेस?"

"तळ्यावर."

"तू? तळ्यावर?"

आणि माझा बांध फुटला. समोर सगळं गाव पाठ करून ऐकतंय हे मला ठाऊक होतं. "दाखू, सावो गेला. मी मारला. गावानं दाणा बंद केला होता आणि मी चोरून टाकला, तुला ऐकवायला. सावो गेला, आणखी सात गेले. मी तुझ्याशी रोज खोटं बोलले."

रांगेत कुणी हललं नाही. फोनमध्ये तिनं नाक ओढलं.

"मला माहीत होतं, मां," ती म्हणाली.

"कसं?"

"मोर रानात गेले म्हणालीस. ज्येष्ठात कुठलं रान आहे आपल्याकडे?" ती रडत होती, पण आवाज सरळ ठेवून. "ठसका ऐकू आला नाही त्याच दिवशी कळलं. मी वाट बघत होते, तू कधी सांगतेस."

"मला माफ कर, बाई."

"तिथं काय करतेयस ते सांग आधी."

मी सांगितलं. लस, दोन तास, चाळीस कुंड्या, आणि गळ्यातून न निघणारी हाक.

"मां," ती म्हणाली, "तुला वाटतं मी सहा वर्षं मोर ऐकायला फोन करत होते?"

मी फोन कानाला घट्ट धरला.

"सावो माझाच होता, त्याच्यासाठी रडीन मी. पण मला तुझी हाक हवी असते गं. महिना होत आला, ती नीट ऐकली नाही. तू मोरांना हाक नको मारू. मला मार. मी टेकडीमागे आहे, शेळ्या घेऊन. दुपार झालीय. भाकरी थापलीयस तू."

मी डोळे मिटले. घुंघट मागे टाकला, तसाही कुणी बघत नव्हतं. आणि हाक दिली.

"आऽव!"

पहिली फाटली, सावोच्या ठसक्यासारखी. फोनमधून बारीक आवाज आला, "आले, मां, आऽले!"

"आव, आव, आऽव!"

"आऽले!"

तिसरी हाक मी छातीच्या तळातून काढली. ती अर्ध्या आयुष्याची हाक होती, कुंपणं ओलांडून जाणारी. टेकडीवर पंख फडफडले. एक उतरला. मग त्यामागे तीन, मग झाडं हलायलाच लागली. रात्रभर तहानलेले मोर वाळूवरून पिसारे ओढत तळ्यात उतरले, एकेक कुंडी धरून, मान खाली घालून पाणी प्यायले. भागभरी ओठांतल्या ओठांत मोजत होती. सदतीस, अडतीस, त्या तिथं एक, एकोणचाळीस.

मी हाक देत राहिले. तिकडून उत्तर येत राहिलं. जोधपूरच्या तिसऱ्या मजल्यावर, नऊ महिन्यांचं पोट घेऊन, शेजारीपाजारी काय म्हणतील याची पर्वा न करता माझी लेक ओरडत होती, "आले, मां!" लहानपणी तिसऱ्या हाकेला यायची. मी मोजणं सोडून दिलं होतं.

कुंड्या रिकाम्या झाल्या. मोर एकेक करून उडाले आणि टेकडीवर जाऊन बसले. बाजरीचा दाणा उरला नाही. भागभरी माझ्या कानाशी म्हणाली, "त्रेपन्न. झालं, अदी, सगळे प्यायले." मला ऐकू आलं. मी पुन्हा हाक दिली, कारण फोन अजून चालू होता.

"आऽव, आव, आऽव!"

"आऽले, मां, आले!"

रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणी वाळू झटकत उठायला लागलं. मास्तरांनी मान तशीच ठेवून विचारलं, "मोर उडाल्यासारखे वाटले. झालं ना माजीसा? वळायचं का?"

जेठजी खाकरले.

"बसा खाली," ते म्हणाले. "कुणी वळायचं नाही अजून."